दाणा आणि दृष्टि

मार्गशीर्ष लागला, मळणी आटोपली, आणि पहाटेच्या गारव्यांत समुद्रकांठच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांतून कांहीं अनोळखी आवाज ऐकूं येऊं लागले, कीं हिवाळा आला असें समजावें. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यांत थंडी ती कितीशी? अंगावर उपरणें घेतलें कीं भागतें. परंतु पांखरांच्या पंचांगांत हा ऋतु मोठ्या वर्दळीचा आहे. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत या दिवसांत सज्जांत दाण्याचें भांडें टांगण्याची आणि दुर्बिणींतून पांखरें न्याहाळण्याची आवड वाढत आहे. ही पश्चिमेकडून आलेली टूम आहे असें कोणी म्हणतात; दुसरे कोणी, हें सारें आमच्याकडे प्राचीन काळापासून होतेंच, असें म्हणून मोकळे होतात. श्रोतेहो, हीं दोन्ही मतें अर्धीं खरीं आहेत. पांखरांना दाणा टाकणें ही एक गोष्ट आणि पांखरूं पाहून त्याची नोंद ठेवणें ही दुसरी. दोहोंचे इतिहास निरनिराळे आहेत. त्यांतील दुसऱ्या गोष्टीच्या इतिहासांत आपल्या रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत त्याच्या, किनाऱ्यावरील एका लहानशा गांवाला मानाचें स्थान आहे. तो वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

प्रथम दाण्याकडे वळूं. गृहस्थाला जे पांच महायज्ञ सांगितले आहेत त्यांतील एक भूतयज्ञ. शिजलेल्या अन्नांतील कांहीं भाग इतर प्राणिमात्रांसाठीं काढून ठेवावा, हा त्याचा आशय. भूमीवर कोणाकोणासाठीं अन्न ठेवावें हें सांगतांना मनुस्मृतींत कुत्रा व किडामुंगी यांच्या जोडीनें कावळ्याचाहि उल्लेख आला आहे. भाद्रपदांतील पितृपक्षांत पान घेऊन परसांत उभें राहणें, दहाव्या दिवशीं पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणें, हे प्रसंग आपणां बहुतेकांच्या अनुभवाचे आहेत. कोंकणांत दसऱ्याच्या सुमारास नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दारावर बांधतात. पुढें कित्येक दिवस चिमण्या त्या टिपीत असतात आणि घरांतील वडील माणसें त्यांना हुसकूं देत नाहींत. पांखराला घांस देणें हें आपल्याकडे कौतुकाचें काम नव्हतें. तें कर्तव्य होतें.

परंतु या कर्तव्यांत एक उणीव राहिली. घांस कावळ्याच्या चोंचींत पडतो, पण आपली दृष्टि पितरांकडे असते. कावळा आला कीं नाहीं हें आपण मोठ्या उत्कंठेनें पाहतों. तो मानेवर करडा रंग असलेला गांवकावळा होता, कीं अंगभर काळा व जाड चोंचीचा डोमकावळा होता, हें विचारण्याचें कारण मात्र कोणास पडत नाहीं. याचा अर्थ आपल्याकडे डोळस माणसें नव्हतीं असा नव्हे. कोकिळ दुसऱ्याच्या घरट्यांत वाढतो हें ज्यानें प्रथम पाहिलें त्याच्यामुळेंच संस्कृतांत त्याला 'परभृत' हें नांव पडलें, आणि कालिदासानें शाकुंतलांत दुष्यंताच्या मुखीं याच गोष्टीचा दाखला घातला. सतराव्या शतकांत जहांगीर बादशहानें सारस पक्ष्यांची एक जोडी पाळून तिला लैला-मजनू हीं नांवें दिलीं होतीं, आणि अंडीं उबवितांना नर काय करतो व मादी काय करते हें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवलें. परंतु हीं उदाहरणें सुटीं राहिलीं. एकानें पाहिलेलें दुसऱ्यानें पडताळावें, आणि तिसऱ्यानें त्यांत भर घालावी, अशी परंपरा त्यांतून उभी राहिली नाहीं.

आतां पश्चिमेकडे पाहूं. थंड मुलुखांतील हिवाळा हा पांखरांच्या दृष्टीनें जीवन-मरणाचा प्रश्न असतो. दिवस आठ-नऊ तासांचा, रात्र पंधरा-सोळा तासांची, जमीन बर्फाखालीं आणि किडे नाहींसे झालेले. दिवसभरांत मिळविलेल्या चरबीवर मुठींत मावेल एवढ्या जिवाला सबंध रात्र अंगाची ऊब राखावी लागते; सकाळीं अन्न न मिळालें तर दुसरी रात्र निभत नाहीं. इंग्लंडमध्यें १८९०-९१ चा हिवाळा असाच कडक गेला. त्या वेळीं तेथील वर्तमानपत्रांनीं लोकांना पांखरांसाठीं अन्न ठेवण्याचें आवाहन केलें, आणि पुढें ती घरोघरची रीत होऊन बसली. अमेरिकेंत नाताळाच्या दिवशीं बंदुका घेऊन निघावयाचें आणि जो पक्ष अधिक पांखरें मारील तो विजयी, असा एक खेळ रूढ होता. १९०० सालच्या नाताळांत फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें, मारण्याऐवजीं मोजूं या, अशी सूचना केली. पहिल्या वर्षीं अवघीं २७ माणसें पुढें आलीं. ती गणना आजतागायत दरवर्षीं चालू आहे.

कोंकणचा हिवाळा याच्या अगदीं उलट आहे. खाचरांत सांडलेला भाताचा दाणा मुबलक असतो. त्याच ओलीवर वाल उगवतो आणि वालावर किडे येतात. पौष-माघांत सांवर व पांगारा फुलूं लागतात, उंबराला फळें असतात. येथील पांखरांचे हाल होतात ते चैत्र-वैशाखांत, आणि तेहि मुख्यतः पाण्यावांचून. म्हणून विलायतेंतील थंडीचा उपाय जसाच्या तसा येथें लागू करणें शहाणपणाचें नाहीं. आपल्या हिवाळ्याला पांखरांची उपासमार ठाऊक नाहीं. त्याच्यापाशीं आहे ती पाहण्याची संधि. कारण हजारो कोसांवरून आलेले पाहुणे याच चार महिन्यांत आपल्या दारीं असतात.

पाहण्याच्या विद्येचा आपल्या देशांतील आरंभ मात्र बंदुकीनें झाला. एकोणिसाव्या शतकांत पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारणें, त्याचें कातडें पेंढा भरून ठेवणें आणि त्याला नांव देणें. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, चित्रमय पुस्तकें नव्हतीं. तेव्हां नमुना हातीं असल्यावांचून दोन सारख्या जाती ओळखणें शक्य नव्हतें, हें त्या काळच्या मंडळींच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून आपण ज्यांना ओळखतों ते ॲलन ह्यूम हेच त्या काळचे सर्वांत मोठे पक्षिसंग्राहक होते. त्यांनीं काढलेल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत १८८० सालीं व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्यानें दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. ह्यूम यांचा संग्रह ऐंशी हजारांवर गेला होता. तो त्यांनीं १८८५ सालीं ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. त्यापूर्वीं एक दुर्दैवी प्रकार घडला. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील नियोजित मोठ्या ग्रंथासाठीं वर्षानुवर्षें जमविलेलीं त्यांचीं टिपणें सिमल्याच्या घरांतून चोरीस गेलीं आणि बाजारांत रद्दीच्या भावानें विकलीं गेलीं. कातडीं शाबूत राहिलीं, टिपणें गेलीं. आणि टिपणें गेल्यावर ह्यूम यांचा उत्साहच मावळला. विद्वानाच्या लेखीं खरें धन कोणतें होतें, तें यावरून दिसतें.

याच सुमारास, १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईंत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. या संस्थेच्या कार्यालयांत १९०८ सालीं एक शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती कोणत्या जातीची हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला रागें न भरतां चिमणीचें नांव सांगितलें, संग्रहाचे खण उघडून दाखविले आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. तो मुलगा म्हणजे सलीम अली. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या प्रसंगाचें फार मोल वाटतें. मुलाच्या प्रश्नाला मिळालेलें एक सरळ उत्तर कोठवर पोंचतें, हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं.

आतां किहिमकडे येऊं. सलीम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें मार्गदर्शक व्याख्याता होते. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तेथें प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखालीं नव्या पद्धतीचा अभ्यास करून १९३० सालीं परतले. येऊन पाहतात तों पैशाअभावीं त्यांची जागाच बंद झालेली. हातीं विद्या आहे, पण चाकरी नाहीं, अशा स्थितींत ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळ किहिम येथें राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस, म्हणजे सुगरणींच्या विणीचा हंगाम. सलीम अलींनीं घरट्यांच्या उंचीला येईल अशी शिडी उभी केली, वर कापडाचा आडोसा बांधला आणि त्याच्या आड तासन् तास बसून, समोर जें घडेल तें वहींत टिपण्यास आरंभ केला. बंदूक लागली नाहीं, दूरचा प्रवास लागला नाहीं. शिडी, वही आणि न कंटाळणारे डोळे एवढेंच सामान.

त्या वहींत काय सांपडलें तें ऐकण्यासारखें आहे. आपल्या भाषेनें या पक्ष्याला 'सुगरण' असें स्त्रीलिंगी नांव दिलें आहे, परंतु घरटें विणतो तो नर. हिरव्या पात्यांचे लांब तंतु काढून आणून तो घरटें अर्ध्यापर्यंत विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, अर्ध्या घरट्यांत शिरून पाहणी करतात. विणकर चांगला पण जागा वाईट असेल तर परत जातात. एखादीला घरटें पसंत पडलें कीं जोडी जमते, आणि नर खालची नळी विणून काम पुरें करतो. एवढ्यावर संसार स्थिरावला असें आपण समजूं. तसें होत नाहीं. मादी अंडीं उबवूं लागली कीं नर शेजारीं दुसरें घरटें विणावयास घेतो, तेंहि अर्धें करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, आणि एका हंगामांत अनेक संसार थाटतो. अंडीं उबविणें मादीकडे, पिलांना चारण्याचा भारहि मुख्यतः तिच्यावरच. वर्षानुवर्षें ज्या खोप्यांकडे विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका व गुरें राखणारीं पोरें कौतुकानें पाहत आलीं होतीं, त्यांच्या आंत चालणारा हा व्यवहार सलीम अलींनीं १९३१ सालीं सोसायटीच्या त्रैमासिकांत सविस्तर मांडला. पक्षी कोणता, या प्रश्नापुढें जाऊन, पक्षी काय करतो आणि कां करतो, हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्या देशांत या लेखानें दृढ केली. त्यांचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हें प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर दहा वर्षांनीं, १९४१ सालीं निघालें.

हिवाळ्यांत हाच विणकर पक्षी ओळखूं येत नाहीं. नराचा झळझळीत पिवळा रंग उतरतो आणि तो चिमणीसारखा मळकट होऊन थव्यानें भाताच्या कापलेल्या खाचरांत दाणे टिपतो. अंगणांत दाणा टाकणाऱ्यानें त्याला चिमणीच समजून सोडून दिलें तर नवल नाहीं. दाणा टाकणें आणि पाहणें यांतील अंतर तें हेंच.

हिवाळी पाहुण्यांविषयींहि असेंच. शेंपटी सारखी खालीवर हालवीत अंगणांत व बांधावर फिरणारा परीट, ज्याला धोबी असेंहि म्हणतात, हिमालयाकडून व त्याहिपलीकडून येतो. भिंतीच्या कडेला बसून तांबूस शेंपटी थरथरविणारा थिरथिरा उत्तरेकडचाच. आंब्याच्या शेंड्यांत सोनेरी हळद्या दिसूं लागतो. हे पाहुणे येतात कोठून व जातात कोठें, हें अनुमानानें कळत नाहीं. त्यासाठीं सोसायटीनें १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचीं हलकीं वाळीं घालून त्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास हातीं घेतला. कर्नाळ्याचें पक्षी अभयारण्य १९६८ सालीं झालें, तेंहि याच जिल्ह्यांत.

समुद्रावरचे पाहुणे म्हणजे कुरव पक्षी. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचीमागें हिवाळ्यांत त्यांचे थवे लागतात, आणि उतारू मोठ्या हौसेनें शेव, गांठी, वेफर्स हवेंत उडवितात. मुलांना मौज वाटते हें खरें. परंतु यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांच्या कांठीं वाढतो. हिवाळ्यांत डोक्यावरची ती तपकिरी टोपी जाऊन कानामागें नुसता काळसर ठिपका राहतो. मासे व किनाऱ्यावरचे जीव खाण्यासाठीं घडलेल्या त्या देहाला तेलामिठाचें तळण कशासाठीं? पितरांसाठीं टाकलेल्या घांसांत निदान साधें अन्न होतें. शहरांतील कबुतरांची गोष्ट आपण जाणतांच. दाणा अमाप टाकल्यानें एकच जात बेसुमार वाढली, विष्ठेमुळें माणसांच्या श्वसनाचे विकार पुढें आले, आणि २०२५ सालीं मुंबईच्या कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. दानाला दृष्टीची जोड नसली कीं असें होतें.

आणि दृष्टि असली कीं काय होतें, याचें उदाहरण गिधाडांचें आहे. १९९० नंतरच्या काळांत देशांतील गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारीं नऊशें नव्याण्णव घट झाली. हा ऱ्हास प्रथम ध्यानीं आला तो भरतपूर येथें. सोसायटीचे विभु प्रकाश यांच्यापाशीं १९८० नंतरच्या दशकांतील घरट्यांच्या नोंदी होत्या. पुढच्या दशकांत त्यांनीं पुन्हां मोजणी केली तेव्हां घरटीं ओस पडलेलीं आढळलीं. जुनी नोंद नसती तर, हल्लीं गिधाडें कमी दिसतात बुवा, एवढें बोलून आपण गप्प बसलों असतों. पुढें २००४ सालीं कारण सांपडलें: गुरांना टोंचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या मूत्रपिंडांचा नाश करीत होता. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्याच्यावर बंदी आली. रायगड जिल्ह्यांत म्हसळा तालुक्यांतील चिरगांवच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीचीं गिधाडें तग धरून राहिलीं. त्या बाजूस व फणसाडच्या रानांत त्यांच्यासाठीं मेलेलीं जनावरें ठेवण्याचा उपक्रम माणसांनीं केला. पाहा, हेंहि एक अन्नदानच. पण तें मोजणीनंतर आलें, कारण शोधल्यानंतर आलें, म्हणून उपयोगी पडलें.

चिमण्यांच्या बाबतींत उलट अनुभव आला. चिमण्या संपत चालल्या, ही हळहळ सर्वत्र ऐकूं येते. देशभरांतील निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० सालीं जो अहवाल निघाला त्यांत असें दिसलें, कीं मोठ्या शहरांत चिमणी घटली असली तरी एकंदर देशांत तिची संख्या बव्हंशीं टिकून आहे. २०२३ च्या पुढच्या अहवालांत ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यासाठीं सुमारें तीस हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदी उपयोगी पडल्या. हे तीस हजार लोक मुख्यतः तुमच्या-आमच्यासारखे गृहस्थ, गृहिणी व विद्यार्थी होत. १९९८ सालीं अमेरिकेंत सुरू झालेली अंगणांतील पांखरांची फेब्रुवारींतली चार दिवसांची गणना २०१३ पासून आपल्याकडेहि होते. पंधरा मिनिटें एका जागीं बसावयाचें आणि दिसलेलीं पांखरें मोजावयाचीं, एवढाच तिचा विधि.

या नोंदींचें मोल आपल्या किनाऱ्याला विशेष कळावयास हवें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें. पिढ्यान् पिढ्यांच्या नारळी, पोफळी, आंबे, फणस दोन-चार तासांत आडवे झाले. किती झाडें पडलीं याचे पंचनामे झाले, कारण झाडांची नोंद सातबाऱ्यावर व मालकाच्या मनांत असते. त्या झाडांवर कोणतीं पांखरें राहत होतीं आणि त्यांतलीं किती परतलीं, याचा पंचनामा ज्या वाडींत आधींची वही होती तेथेंच होऊं शकतो. जें लिहिलें गेलें नाहीं त्याचा हिशेब मागतां येत नाहीं.

म्हणून माझें सांगणें अगदीं साधें आहे. अंगणांत किंवा सज्जांत मातीच्या पसरट परळांत पाणी ठेवा, तें रोज बदला व परळ घांसून घ्या. चैत्रांत तर विसरूंच नका. दाणा टाकावयाचा तर मूठभर कणी किंवा बाजरी पुरे; शिळें, खारट व तळलेलें नको. जागा असेल तेथें उंबर, पांगारा, जास्वंद लावा. झाडाइतकें मोठें अन्नछत्र माणसाला उघडतां येत नाहीं. आणि या सर्वांच्या जवळ एक वही ठेवा. तींत तारीख, वेळ, पांखराचें नांव व संख्या लिहा. नांव ठाऊक नसल्यास रंग व चाल लिहा. यंदा परीट अंगणांत प्रथम कोणत्या दिवशीं उतरला, हळद्या शेवटचा केव्हां दिसला, एवढें जरी दहा वर्षें एका घरांत लिहिलें गेलें तरी तो त्या गांवाचा इतिहास होईल. घरांतील मुलांना हें काम द्यावें. तीं आपल्यापेक्षां लवकर पाहतात, आणि कावळे दोन प्रकारचे असतात हें आजोबांना तींच दाखवून देतात.

आपल्या पूर्वजांनीं पांखराचा वांटा घरच्या अन्नांत धरला होता. तो वांटा आपण चालू ठेवूंच. त्याच्या जोडीला आपल्या वेळेंतील पंधरा मिनिटांचा आणि वहींतील एका ओळीचा वांटा पांखराला दिला, तर काकबलीचें पुण्य व किहिमच्या शिडीवरची विद्या या दोन्ही गोष्टी एकाच अंगणांत नांदतील.